उभ्या गाडीची डरकाळी

आमची लाल गाडी जागेवर उभी राहून डरकाळ्या फोडते, हे वारूळवाडीत आता कुणाला सांगावं लागत नव्हतं.

गाडी जुनी, दोनच सीटची, स्पोर्ट्स म्हणवणारी. हौसेने घेतलेली (हौस माझी, बोलणी बायकोची!). लेक सायलीने लग्नासाठी एकच मागणं मागितलं होतं. "अप्पा, कार्यालयात मला तुमीच न्यायचं. लाल गाडीतून. हळूहळू." एकुलती एक लेक. मी शब्द देऊन बसलो. आणि लग्नाला आठ दिवस राहिले असताना गाडी बिघडली! चालू करून ब्रेकवर पाय ठेवला, की इंजिन जे बोंबलायचं, ते थांबायचं नाव नाही.

बाळूभाऊ मेकॅनिकने बॉनेट उघडलं. त्याचं गॅरेज उतारावर, आमचा हँडब्रेक नावापुरता. म्हणून मी आत ब्रेक दाबून बसलेलो.

"हवा खातीया कुठंतरी, राव," म्हणत त्याने सगळे पाइप बदलले. डरकाळी कायम! मग कार्बोरेटर उकलून धुतला. (मोबाइलवर बघून मिळवलेलं ज्ञान मी शेजारून सतत पुरवत होतो. बाळूभाऊने तेही सोसलं.) शेवटी ॲक्सिलेटरची केबल पाहिली. गाडी बंद करून, गिअरमध्ये टाकून मी उतरलो की केबल ढिली, मी बसलो की ताणलेली!

"आसली केबल जल्मात बघितली न्हाई," तो हात पुसत म्हणाला. "तुमच्यावर राग हाय का हिचा?"

लग्न दुसऱ्या दिवसावर आलं. सायली जेवणाचा डबा घेऊन गॅरेजवर आली, तेव्हा मी ब्रेक दाबूनच बसलो होतो. "सायले, दुसरी गाडी सांगतो," मी म्हणालो. ती दार उघडून खाली वाकली.

"अप्पा, पाय बघा तुमचा."

पायात लग्नासाठी घेतलेली नवी कोल्हापुरी चप्पल! ऐन वेळी चावू नये म्हणून आठ दिवस घालून हिंडत होतो. पंजा ब्रेकवर होता, पण चपलेचा रुंद काठ शेजारच्या ॲक्सिलेटरवर मुक्कामाला! चप्पल काढून अनवाणी ब्रेक दाबला. इंजिन एकदम शहाणं झालं.

"आन् मी आख्खा कार्बोरेटर उकलला की वो!" बाळूभाऊ खालीच बसला.

लग्नाच्या दिवशी मी अनवाणी गाडी चालवली. चपला घसरून पेडलखाली जाऊ नयेत म्हणून नवरीने पिशवीत घालून मांडीवर धरल्या. अगदी हळू गेलो. मला तर तो रस्ता संपायलाच नको होता. कार्यालयाच्या दारात बायकांनी सायलीला ओवाळलं आणि आत नेलं, पिशवीसकट! तेवढ्यात समोरून व्याही हजर. भर बाराचं ऊन, तापलेली फरशी, आणि मी हात जोडून अनवाणी उभा.

"बगा, लेकीच्या बापाची नम्रता!" व्याही गहिवरले. आजूबाजूच्यांनी डोळे पुसले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण चटक्याने नुसतं "आई गं!" एवढंच बाहेर पडलं. त्यांनी मला घट्ट मिठी मारली. मीही त्यांना बराच वेळ सोडलं नाही. माझे दोन्ही पाय त्यांच्या बुटांवर होते!