बाणूबाईच्या अंगातली राखण

खजुरी गावातल्या एका धनगराच्या घरातली बाणूबाई आणि इरप्पा ही जुळी भावंडं. बाणूबाई अर्ध्या घटकेनं थोरली, तेवढ्यावर इरप्पा तिला जन्मभर अक्का म्हणत आला. ती जन्मतःच गुटगुटीत, तो पाप्याचं पितर. गावाला बोलायला एवढं पुरे झालं. आईच्या पोटात बहिणीनं भावाचं बळ खाल्लं, हे ज्यानं त्यानं इतक्यांदा सांगितलं, की बाणूबाईलाही ते खरं वाटू लागलं.

इरप्पा घोंगड्या विणायचा. पन्नाशी उलटली आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मागावरचा धोटा हातातून निसटायचा, पाय फरफटायचे. असं होऊन पाच वर्षं झाली, बाणूबाई मात्र खुशाल लोकर कातत होती. आपल्या धडधाकटपणाचीच तिला लाज वाटायची.

२००८ साली ती त्याला गुलबर्ग्याला घेऊन गेली. डॉक्टर नेत्रावतींनी नाव सांगितलं, पार्किन्सन. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी झिजतात म्हणे. बाणूबाईला राहवेना.

"बाई, एका पोटातले आमी. मला कामून न्हाई झालं? मी याचं काई घेतलं का?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. हा आजार पुरुषांना बायकांच्या साधारण दीडपट होतो. सगळी कारणं अजून कुणालाच उमगलेली नाहीत. पण बाईची पाळी ज्या रसांवर चालते, त्यातलाच एक त्या पेशींना जपत असावा, असं जाणकारांना वाटतं. पाळी गेली की तो ओसरतो, त्यामुळे बाईही कायमची सुटत नाही.

परतीच्या बसमध्ये बाणूबाई बोटांवर वर्षं मोजत बसली. पस्तीस वर्षं, दर महिन्याला चार दिवस, ती मेंढवाड्याच्या कडेला गोणपाटावर बसली होती. लोकरीला हात लावायचा नाही, मागाजवळ फिरकायचं नाही, बिरोबाचं तर नावच नको. आणि त्याच दिवसांचा धनी असलेला तो रस आत बसून, एका शब्दानं न सांगता, तिचं डोकं राखत होता! केवढी ही देवाची करणी! तिचे हात आपोआप जुळले. भावाचं तिनं काही खाल्लं नव्हतं. ती पदरात तोंड घालून रडली.

इरप्पानंही दवाखान्यात सगळं ऐकलं होतं. खिडकीशी बसलेला तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अक्का, तू माजं काई घेतलं न्हाईस, ते मला ठावं व्हतं. पन मग त्ये चार दिस तुला भाईर कामून बसवलं आमी?"