कॅरॅव्हॅनसाठी भाजणी

भाजलेल्या धण्यांचा वास आला की मला मुलाचं इंग्लंडमधलं, मेडनहेडचं किचन आठवतं. तो लॅपटॉपवर नकाशा उघडून फ्रान्सपासून इटलीपर्यंतच्या कॅम्पसाइट बुक करत होता आणि मी कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, प्रवासात सगळ्यांना पुरेल एवढी थालीपिठाची भाजणी भाजत होते. डबा भरल्यावर तो म्हणाला, "आई, सॉरी, तुझ्या युरोपच्या व्हिसाचं राहूनच गेलं. तू इथेच हाउन्सलोला मावशीकडे राहा." त्यांच्या कुत्र्याचे प्रवासाचे कागद मात्र कधीचे फ्रिजवर लावलेले होते. डबा गेला, मी राहिले. परतल्यावर सून कौतुकाने म्हणाली, "आई, तुमच्या भाजणीची थालीपिठं कुत्र्याने सुद्धा आवडीने खाल्ली." मुलगा अजून फोनवर भाजणी मागतो. मी आधी कुत्र्याची चौकशी करते.