मंगळवारचं टेबल

कुणाचाही कागद हातात आला की बाई आधी तो उलटा करायच्या. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा, कागदाची मागची बाजू खिडकीच्या उजेडात धरायची आणि म्हणायचं, "पुढं छापील असतंय हो. खरं काय झालं ते मागं असतंय."

गारखेड्याच्या पलीकडच्या एका वसाहतीत, महापालिकेच्या समाजमंदिरातल्या दोन खोल्यांत त्यांचं वाचनालय होतं. लोक त्यांना 'लायब्ररीच्या बाई' म्हणत, मी मॅडम म्हणायचो. बिडकीनकडच्या मेंढपाळ घरातली ही पहिली शिकलेली मुलगी. त्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, "बहीण मेंढरं राखायची, मी पुस्तकं. तिची मेंढरं तरी दिवस मावळायला परत यायची."

मी वॉर्ड कार्यालयातला कारकून. दर मंगळवारी आमचा एक माणूस वाचनालयात टेबल टाकून बसेल, दाखल्यांचे अर्ज आणि नळाच्या तक्रारी तिथंच घेईल, असं कार्यालयाचं आणि वाचनालयाचं ठरलं. कल्पना बाईंची. त्यासाठी त्यांनी आमच्या साहेबांकडे वर्षभर खेटे घातले होते. "पुस्तकं आमची, कागद तुमचे, माणसं तर एकच हायेत ना?" असं म्हणून त्या समोरच्या खुर्चीत बसून राहायच्या. साहेब भले होते. त्यांनी होकार दिला आणि यादीत माझं नाव लागलं.

मला ती शिक्षाच वाटली. पहिले दोन मंगळवार मी तोंड पाडून बसलो. तिसऱ्या मंगळवारी एक म्हातारे बाबा आले. डोक्याला फेटा, हातात प्लास्टिकची पिशवी. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, तिच्या मृत्यूचा दाखला मिळत नव्हता. चार वेळा कार्यालयात जाऊन आले होते. दर वेळी उत्तर एकच, "पुढच्या हप्त्यात या."

बाईंनी अर्ज घेतला, उलटा केला. मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : नावात फरक, आधार जोडणे.

"बाबा, मालकिणीचं नाव काय?"

"साखराबाई."

"इथं सखुबाई पडलंय. एवढंच अडलंय बघा. तुम्हाला कुणी सांगितलं नाय व्हय?"

"नाय बा. नुस्तं या म्हन्ले, म्हनून येत राह्यलो."

बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला. "अक्षर लई छान आहे हो कुणाचं तरी," म्हणाल्या आणि उठून पाणी आणायला गेल्या. अक्षर माझंच होतं. ते त्यांनी ओळखलं होतं, आणि बाबांसमोर बोलायचं नाही हेही ठरवलं होतं. त्या दिवसापासून मी मंगळवारी वेळेवर जायला लागलो.

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बाईंनी पाणी सोडणाऱ्या लाइनमनशी बोलून ठेवलं होतं. तो फोन करायचा आणि त्या दारातल्या फळ्यावर कुठल्या गल्लीला कधी पाणी ते लिहायच्या. बायका दारातूनच ओरडायच्या, "बाई, आमचं कधी?"

"लिहिलंय की. वाचा."

"वाचता आलं असतं तर तुम्हाला इचारलं असतं का?"

"मग आत या. गल्लीचा ग कसा असतो ते दाखवते. घाई कामून करता, पाणी काय आज येत नाय."

शिव्या घालत घालत चार-सहा जणी अक्षरं ओळखायला लागल्या. त्यातली एक, घरी शिलाईकाम करणारी, सहा महिन्यांत गोष्टीचं पुस्तक घरी घेऊन गेली. बाईंनी तिचं नाव नोंदवहीत लिहिलं नाही. वही फिरवून तिच्यापुढं ठेवली. तिनं स्वतः लिहिलं. एक ओळ पुरली नाही, दोन लागल्या.

मग आमचे साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी सगळ्या जादा कामांचे अहवाल मागवले. छापील नमुना होता : स्वीकारलेले अर्ज, निकाली अर्ज, शेरा. आमचे अर्ज थोडेच निघाले. कारण बहुतेकांचं काम बोलण्यातच होऊन जायचं. कुठं जायचं, काय जोडायचं, नाव कसं चुकलंय हे कळलं की माणूस आपला आपण मार्गी लागायचा. त्याची नोंद कोण ठेवणार?

"साखराबाईच्या बाबांचं लिहा," बाई म्हणाल्या. "त्या शिलाईवालीचं लिहा."

"मॅडम, त्याला रकाना नाही."

"रकाना नसंल तर मागं लिहा. अख्खी बाजू कोरी आहे."

लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. नव्या साहेबांना जास्तीचं लिहिणारा माणूस आवडत नाही, असं ऑफिसात कानावर आलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रतिसाद अल्प.' हे दोन्ही शब्द खोटे नव्हते, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला समजावत राहिलो.

मंगळवार बंद झाला. काही महिन्यांनी एक खोलीही गेली, तिथं महापालिकेचं सामान आलं. उरलेल्या खोलीत कपाटं मावेनात. पुस्तकं दुसऱ्या वाचनालयात हलवली आणि बाईंना घरी बसावं लागलं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. आमच्याच कार्यालयात, रांगेत, कुणा शेजारणीचा अर्ज घेऊन उभ्या. मी खिडकीमागून उठून बाहेर गेलो. म्हणालो, "मॅडम, तो अहवाल..."

"वाचला मी," त्या म्हणाल्या. "अर्ज करून नक्कल मागितली होती." मग माझ्याकडे बघून हसल्या. "जेवलात का? तोंड सुकलंय तुमचं."

मी त्यांना आत चला म्हणालो. त्या रांगेतच थांबल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्याचं मला भाजीच्या गाडीवर कळलं, तेही पंधरा दिवसांनी. शेवटी त्या बिडकीनला बहिणीकडे राहत होत्या. रविवारी मी गेलो. बहीण थकलेली, कानानं थोडी कमी. मी नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. वॉर्ड कार्यालय म्हणालो, तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला.

"मंगळवारचे साहेब का तुम्ही? बसा, बसा. लई नाव काढायची तुमचं. म्हनायची, सरकारी मानूस, पर एक दिस चुकला नाय."

तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, बहिणीच्या ओळखीचं माणूस घरी आलं म्हणून पदर सारखा करत होती.

"तुम्हीच ना ते?" तिनं पुन्हा मोठ्यानं विचारलं.

मी मान हलवली. चहा आला. मी तो सगळा प्यायलो.