चौथ्या केबिनमधली मागणी

डोंगरातल्या पुकामार्का गावच्या बाईला परदेशी गेलेल्या नवऱ्याशी नुसतं भांडायचं असलं, तरी आधी एउदोसिया वारोककडे जावं लागे. गावात बोलायची सोय तेवढी तिच्याकडे होती. पहिली बावीस वर्षं तिने गावचा एकुलता एक फोन सांभाळला. राजधानीतून, लिमाहून कुणाचा फोन आला की ती भोंग्यावरून नाव पुकारायची आणि तो माणूस बटाट्याची सरी अर्धी टाकून धावत यायचा. पुढे फोन लोकांच्या खिशात आले. सगळे म्हणाले, आता हिने खुशाल मेंढ्या राखाव्यात. तिने होत्या त्या मेंढ्याही विकल्या, सहा जुने कॉम्प्युटर आणले आणि गिऱ्हाइकांना इंटरनेटवर बसायला प्लायवुडच्या सहा केबिन ठोकून घेतल्या.

तिला कुणी शिकवलं नाही. ती शिकली बिघाडांकडून. जे बिघडलं आणि ज्याने सुधारलं, ते एका निळ्या वहीत लिहून ठेवायची. फोनच्या काळापासून तिचं एकच सूत्र होतं: आवाज नेमका कुठे अडला ते आधी शोधा. तार तुटली, यंत्र मेलं, की मधला माणूस झोपला? नवरा मार्सियाल गावच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवायचा आणि एरवी फारसं बोलायचा नाही. ती म्हणायची, आमच्या घरात वाजवणारा एक आणि बोलणारी एक, वाटणी बरोबर झालीय.

अशा बाईवर जून महिन्यातल्या एका रविवारी स्वतःच्याच दुकानात तोंड लपवायची पाळी आली, त्याची ही गोष्ट.

तिचा एकुलता एक मुलगा अबिलियो तीन वर्षांपूर्वी मेंढपाळाच्या कराराने वायोमिंगला गेला होता. खोऱ्यातली पोरं जातातच. चार-चार महिने डोंगरावर कळपामागे राहायचं आणि मग एक दिवस मालकाच्या घरी उतरायचं. त्याचं गावातल्या नेलिदाशी जमलं होतं, आणि नेलिदाचा बाप होता डॉन क्रिसोलोगो; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे डॉन म्हणतात, बाईला दोन्या. आमच्याकडे मागणी घालायला मुलाकडची माणसं मुलीच्या दारात जातात. पाव, उसाची दारू, कोकाची पानं घेऊन जायचं, दारात ताटकळायचं, मुलीकडच्यांचे टोमणे मान खाली घालून ऐकायचे आणि वर हसायचं. एउदोसिया आणि मार्सियाल तसे दोनदा जाऊन आले होते. म्हाताऱ्याने दोन्ही वेळा पाव ठेवून घेतले आणि त्यांना परत पाठवलं.

"मागायचं तर स्वतःच्या तोंडाने मागावं," तो म्हणाला. "आईबापाच्या तोंडाने मुलगी मागणारा उद्या बायकोशीही आईबापाच्याच तोंडाने बोलेल."

शेवटी नेलिदाने बापाला कसं वळवलं कोण जाणे, पण पोराला पडद्यावर बघून मागणी ऐकायला तो केबिनमध्ये यायला तयार झाला. मुलीच्या बापाने मुलाच्या आईच्या दुकानात जाऊन मागणी ऐकायची! पुकामार्कात असं आजवर झालं नव्हतं. तो म्हणाला, "रविवारी तीनला येतो. पोरगा दिसला नाही तर उठेन. आणि मी एकदा उठलो की परत बसत नाही." ही काही पोकळ धमकी नव्हती. सख्ख्या भावाच्या पंगतीतून तो एकदा उठला, त्याला अकरा वर्षं झाली होती.

आता दुखणं असं होतं की त्याच आठवड्यात वाद्यवृंदातल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून, गाण्यांसोबत, एक घाण दुकानात शिरली होती. कुठलंही पान उघडा, त्यावर जुगाराच्या जाहिराती आणि अर्ध्या कपड्यातल्या बाया उड्या मारत यायच्या. डॉन क्रिसोलोगो ऐन मागणीत गंभीर चेहरा करून बसलाय आणि पडद्यावर अशी एक बाई त्याला डोळा मारतेय, हे चित्र एउदोसियाच्या डोळ्यांसमोरून हलेना. शनिवारी सकाळी तिने वांकायो शहरातून मागवलेली सफाईची सीडी घातली आणि सहाही यंत्रं एकेक करून घासूनपुसून काढली. एकशे चौदा किडे निघाले. ते तिने वहीत लिहिले. मग नेहमीप्रमाणे यंत्रं गोठवून टाकली आणि पाव भाजायला घरी गेली.

गोठवणं म्हणजे केबिनवाल्यांचा हुकमी उपाय. दिवसभर पोरंसोरं यंत्रात काय वाट्टेल तो कचरा करतात. म्हणून एक प्रोग्राम बसवायचा आणि त्याला सांगायचं, यंत्र आत्ता जसं आहे तसं लक्षात ठेव. मग कुणी काहीही केलं तरी यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा जसंच्या तसं. त्या आठवड्यात नवी गाणी भरायला तिने यंत्रं गोठवणीतून सोडवली होती, नेमकी तेव्हाच ती घाण शिरली होती.

रविवारी दुपारी एकला ती नवा भरतकामाचा घागरा आणि ठेवणीतली हॅट घालून दुकानात आली, यंत्रं लावली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाया गेल्या होत्या. पण इंटरनेटही गेलं होतं. सहाच्या सहा पडद्यांवर एकच वाक्य: पान दाखवता येत नाही. सगळं मुसळ केरात.

तिने कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "लाइन इथून ठणठणीत दिसतेय, बाई." तिने तारा काढून पुन्हा लावल्या, इंटरनेटची पेटी बंद करून चालू केली. काही नाही. अबिलियो मालकाच्या घरून तीनला पडद्यावर येणार होता आणि चारला त्याला परत न्यायला गाडी येणार होती. नंतर एकदम ऑक्टोबर.

त्यात पाहुणे सव्वादोनलाच दारात हजर. लवकर येऊन फजिती बघायची, हाही मागणीतला जुना डाव. पुढे काठी टेकत डॉन क्रिसोलोगो, मागे नेलिदा, आणि तिच्या मागे म्हाताऱ्याची बहीण दोन्या झेनोबिया, जिला टोमणे मारण्यासाठीच आणलं होतं.

एउदोसिया तेव्हा चौथ्या केबिनच्या टेबलाखाली होती. बाहेर फक्त घागरा दिसत होता.

"अगं बाई," झेनोबिया म्हणाली, "मुलाची आई पाहुण्यांना पाठ दाखवून बसलीय. आमच्याकडे मागणीला तोंड दाखवतात हो."

"या, बसा," टेबलाखालून आवाज आला. "तोंडही दाखवते. जरा दम धरा."

"पोरगा कुठाय? का तोही तिथे खालीच आहे?"

पाव आणि बाटली घेऊन बसलेल्या मार्सियालने पेले भरले. झेनोबियाने घेतला. डॉन क्रिसोलोगोने पेल्यावर तळहात ठेवला. "आधी पोरगा. मग दारू."

एउदोसिया बाहेर आली, हॅटवरची धूळ झटकली आणि खुर्चीत बसली. मी म्हणेन, त्या क्षणी तिला वाचवलं ते तिच्या जुन्या सूत्राने. आवाज कुठे अडला? तिने पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि लिमातल्या एका यंत्राला चार हाका मारल्या. चारही हाकांना उत्तर आलं. म्हणजे तार जिवंत आहे. यंत्रही जिवंत आहे. मग उरला मधला माणूस.

ती सेटिंगमध्ये शिरली. एक पान, दुसरं पान, आणि तिसऱ्या पानावर एक बारीकशी खूण दिसली: सगळी ये-जा मध्यस्थामार्फत करा. मध्यस्थाचा पत्ता म्हणून याच यंत्राचा पत्ता! तिच्या सगळं ध्यानात आलं. त्या घाणीने स्वतःलाच दलाल म्हणून दारात बसवलं होतं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पानात बाया घुसडता येतील. एउदोसियाने दलालाला हाकललं खरं, पण यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं अजून सगळं सामान त्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवत होतं.

तिने खूण काढली. पान भस्सकन उघडलं.

"आलं," ती म्हणाली.

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण बाई टापटिपीची. कोपऱ्यात सफाईवाल्या प्रोग्रामची पिवळी चौकट सारखी डोकं वर काढत होती: काम पूर्ण करण्यासाठी यंत्र बंद करून चालू करा. म्हाताऱ्यासमोर हे नको म्हणून तिने तसं केलं. जुनं यंत्र, चार मिनिटं कुरकुरत उठलं, आणि पडद्यावर तेच वाक्य. पान दाखवता येत नाही.

तिने पुन्हा खूण काढली, पान उघडलं. पिवळी चौकट आली. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि खूण परत आपल्या जागेवर. आता मात्र तिची पाचावर धारण बसली. कीड मेलेली नाही, तिला वाटलं. आत कुठेतरी बसून ती माझ्याशी खेळतेय. पावणेतीन वाजून गेले होते.

"काय झालं, रुसलं वाटतं?" झेनोबियाचा आता तिसरा पेला चालू होता. "माझ्या नवऱ्यासारखंच दिसतंय. त्याला मी रात्री सरळ करते. शपथा घेतो, रडतो. पण सकाळी उठला की परत आदल्या दिवसाचाच माणूस."

एउदोसियाचा माउसवरचा हात थांबला. आदल्या दिवसाचाच.

कीडबीड काही नव्हतं. काल तिने स्वतःच्या हातांनी यंत्र गोठवलं होतं, आणि तेही इंटरनेट लागतंय का हे न बघता. ती खूणसुद्धा आत गोठली होती. एउदोसिया खूण काढत होती, आणि यंत्र दर वेळी इमानदारीत शनिवारच्या दिवसात परत जात होतं. सोळा वेळा पोरांना सांगितलेली गोष्ट ती स्वतः विसरली होती. तिला हसू आलं, आणि खरं तर रडूही.

रीतसर करायचं तर गोठवणी सोडवायची, दुरुस्त करायचं, पुन्हा गोठवायचं. त्याला यंत्र दोनदा बंद-चालू करावं लागलं असतं. तेवढा वेळ नव्हता. तिने खूण काढली, पान उघडलं, अबिलियोशी बोलायची खिडकी लावली आणि उठून यंत्राच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आता या यंत्राला कुणी हात लावला," ती शांतपणे म्हणाली, "तर तो हात मी घरी नेऊन रश्श्यात घालीन."

एका हाताने तिने सैल प्लग भिंतीत दाबून धरला, कारण रविवारी बाजारचे दिवे लागले की वीज डचमळायची. दुसरा हात माउसवर, वाकून, पिवळी चौकट आली रे आली की मिटवायला.

तीन वाजले. खिडकीत अबिलियोचं नाव राखाडीच होतं. तीन वाजून दोन मिनिटं. डॉन क्रिसोलोगोने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," मार्सियाल म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

म्हाताऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मार्सियालकडे पाहिलं. आणि घंटी वाजली.

पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग एक कान, मग अबिलियो. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. तो खुर्चीतून उठून उभा राहिला, त्यामुळे फक्त पोट दिसायला लागलं. नेलिदा म्हणाली, "बस रे, बस." तो बसला.

"डॉन क्रिसोलोगो, मी अबिलियो पोमा वारोक. तुमच्या नेलिदाचा हात मागायला आलोय. म्हणजे आलो नाहीये. पण आलोय."

"हा आधी भरून ठेवलेला सिनेमा नाही कशावरून?" म्हातारा म्हणाला. "माझ्या मागे कोण आहे सांग."

"झेनोबिया आत्या. आमचा पाव शालीआड धरून खातायत."

सगळे हसले, झेनोबियाही तोंडात पाव असतानाच हसली. म्हातारा तेवढा हसला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"किती मेंढ्या आहेत तुझ्याकडे?"

"दोन हजार. मालकाच्या."

"हिवाळ्यात मेल्या किती?"

"एकोणीस."

"कशाने?"

"अकरा बर्फाने. आठ माझ्या चुकीने. मी त्यांना चुकीच्या ओढ्याने उतरवलं."

पिवळी चौकट वर आली, एउदोसियाने मिटवली. तिला पडदा तिरका दिसत होता, त्यातला कोपराच. ती मनात एकच म्हणत होती: आता वीज जाऊ नको.

"नऊ वर्षांत माझ्याकडे कामाला सात गडी येऊन गेले," डॉन क्रिसोलोगो सावकाश म्हणाला. "सगळ्यांच्या मेंढ्या बर्फानेच मेल्या. एकाही मेंढीला माणसाने मारलं नाही." तो मुलीकडे वळला. "तुझं काय?"

"मी तीन वर्षं यांच्या दुकानात काय टाइपिंग शिकायला येते का, बाबा?"

म्हाताऱ्याने पेल्यावरचा हात काढला. मार्सियालने काठोकाठ भरला. म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे पहिले चार थेंब जमिनीला दिले, बाकीचं एका दमात संपवलं आणि पडद्याला म्हणाला, "दिली. करार संपला की ये आणि ने. आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या ओढ्याने उतर."

झेनोबियाने मार्सियालला मिठी मारली, नेलिदा पडद्यासमोर तोंडावर हात धरून हसत राहिली, दाराशी जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एउदोसिया मात्र जागची हलली नाही. बोटं प्लगवर, डोळे कोपऱ्यावर. चार वाजेपर्यंत हा संवाद तुटू द्यायचा नाही, एवढंच तिला माहीत होतं.

डॉन क्रिसोलोगो खुर्चीतून उठला, यंत्राला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि तिच्या हाताखाली हात घालून त्याने तो प्लग स्वतः दाबून धरला.

"विहीणबाई," तो म्हणाला, "हे मी बघतो. ती पिवळी येते ती नेलिदा मिटवेल. तुम्ही त्या खुर्चीत बसा. इतका वेळ सगळ्यांनी पाहिला त्याला, तुम्ही सोडून."

ती बसली. अबिलियो बारीक झाला होता, आणि कानशिलापाशी एक पांढरा केस होता. बावीस वर्षं फोन आणि सात वर्षं केबिन चालवलेल्या त्या बाईला, गावभराचं बोलणं जोडून दिलेल्या त्या बाईला, काय बोलावं ते सुचेना. चाळीस मिनिटं बाकी होती.

"आई," तो म्हणाला, "हॅटला जाळं लागलंय."