पेटीवरचा पाहुणा

आमच्या काळच्या सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी एक लाकडी पेटी असायची. आत पाने, हातोडी, पंक्चरचं सामान. वर घडी घातलेलं पोतं. दिवाळीच्या आधी ती पेटी उपसली की तळाला काय काय निघायचं! बिड्यांची थोटकं, कोणाच्या तरी कानातलं, बोरांच्या बिया, एका पायाची लहान वहाण. मुद्दाम कोणीच काही ठेवलेलं नसायचं. किस्से तसेच साठतात. आता म्हातारपणी माझी पेटी उपसतो आहे, निघेल ते घ्या.

ही पेटी म्हणजे ड्रायव्हर लोकांची पाहुण्याची जागा. सुट्टीवर असलेला, गावी निघालेला ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत चढला की पेटीवर बसायचा. त्याला मागे पॅसेंजरांत बसवणं म्हणजे सोयऱ्याला उंबऱ्याबाहेर जेवायला वाढण्यासारखं. पण पेटीवर बसायचे कायदे होते. कुठे लिहिलेले नव्हते. आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, लिहून करायचं काय?

खाली उभं राहून आधी विचारायचं, "बसू का?" पेटी रिकामी दिसत असली तरी विचारायचं. बसलं की डोक्यावरची खाकी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, कारण एका गाडीत टोपी एकच. हात मांडीवर. रस्त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चाक मागायचं नाही. आणि चालवणाऱ्याने निम्म्या रस्त्यात आपणहून चाक दुसऱ्याला दिलं, तर त्याने नोकरी सोडली असं समजायचं.

आजची पोरं दुसऱ्याच्या केबिनमध्ये चढतात ती तंगड्या पसरून, आणि वर शिकवतात, "गियर बदल, गियर बदल." मला कोणी तसं केलं असतं तर तापीच्या पाण्यात बसवला असता!

*

आमची गाडी प्रकाशाहून शहादा, तिथून म्हसावद. नंदुरबारच्या स्टेशनाकडून आलेली माणसं होडीने तापी ओलांडून प्रकाशाला यायची, ती आम्ही भरायचो. सकाळी नदीवर धुकं असलं की होडी दिसायची नाही, नुसती माणसांची बोलणी पाण्यावरून यायची. मग धुक्यातून एक पागोटं निघायचं, एक बोचकं, एक बकरी. अर्धवट झोपेत बघावं तसं सगळं. गाडीला हँडल मारावंसं वाटायचं नाही.

तर भिला ड्रायव्हर. माणूस सोन्यासारखा, पण उजवा पाय अवदसेचा. दुसऱ्याच्या गाडीत बसला तरी तो पाय ब्रेक मारायचा. समोर गाय दिसली, मार पाय! बैलगाडी दिसली, मार पाय! एकदा तो झिपरूआबांच्या पेटीवर बसला. झिपरूआबा आमच्यात सगळ्यांत जुने. बैलगाडी सोडून मोटारीत आले ते पहिले, आणि हे सगळे कायदे त्यांनीच पाडलेले. त्या दिवशी कोण्या बाईने दह्याचं मडकं पुढे पेटीपाशी ठेवलं होतं. वाटेत म्हैस आडवी आली. आबांनी गाडी थांबवली. भिलाने पण थांबवली. पाय घोट्यापर्यंत दह्यात!

बाई मागून ओरडायला लागली. आबांनी मान वळवून मडक्याकडे पाहिलं, भिलाकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं,

"काय भिला, तुन्हा ब्रेक लागना का?"

*

नवापूरच्या डोंगराकडचा शामुवेल नावाचा ड्रायव्हर आमच्यात आला. रविवारी प्रार्थनेला जाणारा, गोड बोलणारा. घरी कोकणी, म्हणजे त्या डोंगरातली आदिवासी बोली बोलायचा, आमच्याशी शिकल्यासारखी मराठी. पहिल्यांदा आबांच्या पेटीवर बसला. सगळं रीतसर. विचारलं, टोपी काढली, हात मांडीवर. शहाद्याला उतरताना मात्र म्हणाला, "आबा, फार छान गाडी चालवता तुम्ही."

आबांचा चेहरा उतरला. दोन आठवडी बाजार होईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. शामुवेल रडकुंडीला आला. शेवटी मीच विचारलं, "आबा, पोऱ्यानी गुन्हा काय कया?"

"चांगली चालावस म्हने मी! म्हंजे बसाना पहिले याले शंका व्हती?"

तेव्हापासून नवीन कायदा झाला. उतरताना बोनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "गाडी चांगली शे." गाडीची तारीफ करावी. ड्रायव्हरला काय समजायचं ते तो समजतो.

*

भिलाचं लग्न म्हसावदला. वऱ्हाड आमच्याच मोटारीने निघालं, चालवायला आबा. नवरदेव पण ड्रायव्हर, तो मागे बायकांत कसा बसेल? आला पेटीपाशी. "बसू का, आबा?"

आबा म्हणाले, "बस. टोपी काढ."

टोपी कुठे होती? डोक्यावर बाशिंग! हातभर उंच, झिरमिळ्या लावलेलं. भिलाची आई धावत आली, "लगीन लागाना पहिले बाशिंग उतारानं नही!" मामा म्हणाला, कायदा म्हणजे कायदा. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. अर्धं वऱ्हाड खाली उतरून भांडायला लागलं. वाजंत्रीवाले तेवढ्यात एका बाभळीखाली झोपून गेले.

आबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग स्वतःची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"एक गाडीमा एक टोपी. आज ती भिलानी!"

आणि म्हसावदपर्यंत बोडक्या डोक्याने गाडी नेली. नवरदेव इतका भारावला की वाटेभर एकदाही पाय मारला नाही.

*

मग लढाई लागली. पेट्रोल मिळेना. गाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. सकाळी भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा, गॅस तयार झाला की गाडी खोकत खोकत निघायची. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा. चढ आला की पॅसेंजर उतरून चालायचे आणि वर जाऊन आमची वाट बघायचे.

आबांचा एकुलता एक पोरगा सुपडू. तो लष्कराच्या लॉऱ्या चालवायला परमुलखात गेला. आबांना एकच ध्यास, तो परत आला की याच सीटवर त्याला बसवायचं. शेठचा, म्हणजे आमच्या मालकाचा, शब्द होता, "सुपडू येईपर्यंत सीट तुझी. आला की त्याची. पण त्याच्या आधी गाडी कुठे आदळलीस, तर दुसरा माणूस ठेवीन, मग सुपडूला जागा नाही."

आणि नेमके आबांचे डोळे गेले. एकदम नाही. मोतीबिंदू. दुधात पाणी मिसळावं तसं जग पांढरं होत गेलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मला कळलं ते असं. मी पेटीवर होतो. शहाद्याच्या पुढे आबांनी गाडी थांबवली आणि भोंगा वाजवायला लागले. पोंक पोंक. बराच वेळ. मी समोर बघतो तर रस्ता वळतो तिथे बाभळीचं झुडूप.

"बैल कसा हालत नही!" आबा चिडून म्हणाले.

कायदा होता, पाहुण्याने रस्त्याबद्दल बोलायचं नाही. तोही आबांचाच कायदा! बोललो तर त्यांचं पाणी जाईल, नाही बोललो तर सुपडूची सीट जाईल. मी समोरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि पत्र्याला म्हणालो,

"माय, तो बैल नही. बाभूळ शे. वाट उजवीकडे वळस."

भट्टी मागे धुसफुसत होती. मग आबा हळूच म्हणाले, "कोणले सांगी ऱ्हायना?"

"तुमले नही, आबा. गाडीले सांगी ऱ्हायनू."

बाभळीचा वारा आत आला. आबांनी चाक उजवीकडे वळवलं.

*

त्यानंतर आबांची पेटी कधी रिकामी राहिली नाही. आमच्यातला कोणी ना कोणी सुट्टी काढून, खोटं काम काढून त्यांच्या गाडीत असायचाच. विचारायचा, टोपी काढायचा आणि गाडीशी बोलायचा.

भिला गाडीवर वसकायचा, "ए बाई, गाडगं फोडशी का? डावीकडे सरक!" शामुवेल मात्र झोपलेल्या लेकराला उठवावं तसं बोलायचा. "माय, आता पूल येतोय. बारका आहे. बेताने. हां, झाला." त्याचं बोलणं, भट्टीची घरघर, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, पुढे सातपुड्याची निळी रेघ. पॅसेंजर एकेक करून झोपायचे. मला तर कधी कधी वाटायचं, गाडी कोणीच चालवत नाही. ती आपली ऐकते आहे आणि जाते आहे.

तुम्ही म्हणाल, आंधळ्याच्या हाती माणसं दिलीत! दिली. रस्त्यावर दुसरी मोटार नव्हती आणि गाडीच्या बरोबरीने कुत्रं चालायचं. ज्याला भीती वाटेल त्याने उतरून कुत्र्याबरोबर चालावं.

*

कुणकुण शेठपर्यंत गेलीच. एका बाजाराच्या दिवशी शेठ स्वतः म्हसावदला गाडीत चढला आणि सरळ पेटीवर बसला. विचारलं नाही, टोपी काढली नाही. मालकाला कोण बोलणार! मी मागच्या पहिल्या बाकावर. आता सांगायचं कसं? सुपडूची सीट चालली, एवढंच डोक्यात.

नाला जवळ आला. मी मन घट्ट केलं आणि मागूनच म्हणालो, "माय, नाला उना."

शेठने मान वळवली. तेवढ्यात माझ्या शेजारची पावरा म्हातारी, मोहाच्या फुलांची टोपली मांडीवर घेतलेली, तिच्या बोलीत गाडीला काहीतरी समजावून सांगायला लागली. ती मोलगीच्याही पलीकडच्या डोंगरातून चालत यायची आणि प्रत्येक बाजाराला आमच्या गाडीत बसायची. तिने पहिल्यापासून हेच पाहिलं होतं. मोटार अशीच चालते, अशी तिची खात्री! तिचं ऐकून तिच्या सुना बोलायला लागल्या. मग मागचा कासार. मग सगळी गाडी. "माय, दगड!" "माय, बकरी!" "माय, डावी बाजू!" आबा त्या गलक्यात चाक असं फिरवत होते की जणू लग्नात बसलेत.

"अरे, हे काय चालू शे?" शेठ ओरडला.

"शेठ, कोळशावरली गाडी," मी म्हणालो. "बोलनं नही तर वढत नही."

शेठ विचारात पडला. पुढे गोमाई नदीचा चढ. गाडी अर्ध्यावर गेली आणि दम टाकायला लागली. सगळे एकदम गप्प झाले. बघतो तर शेठ पुढे वाकला, समोरच्या पत्र्यावर थाप मारली आणि बारीक आवाजात म्हणाला, "चाल माय, चाल!"

चढली!

दुसऱ्या दिवशी शेठने सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून हुकूम सोडला, "तुम्ही मेल्यांनो नुसते बसता. झिपरूसारखं गाडीशी बोलायला शिका!"

*

लढाई संपली. थंडीचे दिवस. प्रकाशाच्या काठावर धुकं, त्यात मी आणि आबा भट्टीपाशी हात शेकत उभे. होडी आली. पाण्यावरून बोलणी आली. मग धुक्यातून एक पागोटं, एक पेटारा, आणि लष्करी बुटांचा आवाज.

मी ओळखला. आबांना दिसणं शक्य नव्हतं. ते जाऊन आपल्या सीटवर बसले. बूट वाळूतून चढत आले आणि पेटीच्या बाजूला थांबले. सुपडूने डोक्यावरची टोपी काढली.

"बसू का?"

आबांचे हात चाकावर तसेच राहिले. मग ते खाली उतरले. मडगार्डला, बोनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून आले आणि पोराच्या समोर उभे राहिले. आपली खाकी टोपी काढली.

"नही," ते म्हणाले. "मी बसू का?"

सुपडू जाऊन चाकावर बसला. आबा पेटीवर. टोपी गुडघ्यावर, हात मांडीवर, सगळं रीतसर. मी मागच्या बाकावर. सुपडूने परमुलखातल्या सवयीने गाडी अशी सोडली की भट्टीलाही नवल वाटलं असेल. धुकं फाटत होतं, कापसाची शेतं एकेक करून वर येत होती.

पुलाच्या अलीकडे आबांनी समोरच्या पत्र्यावर हात ठेवला.

"माय, पुढे डावा हातले खड्डा शे. बेताने."

मी मान काढून पाहिलं. होता.

"बा, मले दिसस ना!" सुपडू हसत म्हणाला. "कोणले सांगी ऱ्हायना?"

आबांनी मान वळवून मागे, माझ्या बाजूला तोंड केलं.

"तुले नही रे, भाऊ. गाडीले सांगी ऱ्हायनू."