ताईची स्वतःची कॅसेट

"थांब, चपला काढू दे," असं म्हटल्याशिवाय ताईने कधी माइक हातात धरला नाही. अनवाणी पायांनी उभं राहून माइक धरला की कसा सणसणीत करंट बसतो, ते कोणत्याही ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा. तिला कितीदा तरी बसला होता. तरी ऐकेल तर शपथ. "जमीन लागल्याशिवाय मला सूर सापडत नाय," म्हणायची.

दिवसा ती नाशिकच्या फुलबाजारात घरच्या मळ्यातल्या झेंडूचे हार करत बसायची. संध्याकाळी तीच टिकल्यांची साडी नेसून डिस्को म्हणायची आणि मागे मी ऑक्टोपॅड बडवायचो. नव्वदच्या दशकातले गणपतीतले कार्यक्रम तुम्हीही पाहिले असतील. निवेदक आमच्या गायिकेचं नाव घेतच नसे. 'अमक्या प्रसिद्ध गायिकेचा आवाज' म्हणून तिला पुढे बोलवायचा. टाळ्या भरपूर पडायच्या. उतरताना ताई विचारायची, "टाळ्या मला का तिला रे?" मी हसण्यावारी न्यायचो.

मग तिने स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढायचं मनावर घेतलं. एका बाजूला नाचाची गाणी, दुसऱ्या बाजूला संथ, जीव ओतून म्हणायची. पंचवटीत पिठाच्या गिरणीवर एक छोटा स्टुडिओ होता. गिरणीवाला जेवायला गेला की तेवढ्या शांततेत रेकॉर्डिंग करायचं.

पहिल्याच गाण्याला घोटाळा झाला. शब्द नवे, चाल आमची, आणि ताईच्या तोंडून आवाज आला तो त्या अमक्या गायिकेचा. तोच लाडिक हेल, तोच श्वास. वर्षानुवर्षं उसना आवाज काढून तो अंगालाच चिकटला होता. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, हा त्यांचा झाला. तुमचा द्या ना."

ती बाहेर येऊन जिन्यात बसली. "माझा कुठला रे?" म्हणाली. मीही तिच्याशेजारी पायरीवर बसलो.

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. ताईचे अनवाणी पाय पायरीवर होते आणि पायरी थरथरत होती. त्या घरघरीत सूर मिळवून ती गुणगुणायला लागली. खालचा, भरदार, जरासा खरखरीत आवाज. हार करताना हाच येत असणार, पण बाजाराच्या गलक्यात ऐकतो कोण? उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगत होतं आणि आम्ही कुठेतरी लांब, झोपेच्या काठाशी बसलो आहोत असं वाटत होतं.

"हाच तुझा," मी म्हणालो.

गिरणी बंद झाली की तो आवाज हरवायचा. शेवटी रेकॉर्डिस्टने हात टेकले आणि गिरणी चालू ठेवूनच सगळी गाणी घेतली. प्रत्येक गाण्यानंतर ताईचं एकच. "कोणासारखी नाय ना वाटत?"

"नाही ताई."

"तू घरचा. तू असंच म्हणणार."

कॅसेट फारशी खपली नाही. पुढे सीडी आल्या, ऑर्केस्ट्रा मोडला. आणि एका वर्षी ताई तापाने गेली. हार तिच्याच मळ्यातल्या झेंडूचे होते. मला फार राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सिन्नरहून प्रवाशांनी भरलेल्या एका जुन्या जीपने येत होतो. ड्रायव्हरने कॅसेट लावली. गाण्याखाली घरघर होती. आधी मला इंजिनच वाटलं, मग ओळखलं.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गातंय? ती अमकी का?"

"नाय वो मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "नाव पुसलंय कॅसेटवरचं. पण हिच्यासारखं दुसरं कोणीच गात नाय."

माझे डोळे भरून आले. कोणाला दिसू नये म्हणून खाली वाकलो, आणि वाकलोच होतो तर पायातल्या चपला काढल्या.