रांग लागू द्यायचे ते

आमच्या वडगाव रासाईच्या गिरणीवाल्या मामांचं नाव मला अजून माहीत नाही. पट्टा फिरू लागला की ते पीठ चिमटीत घेऊन चोळायचे आणि मान हलवायचे. पण पट्टा लवकर फिरायचाच नाही. चार-पाच डबे जमल्याशिवाय मामा गिरणी सुरू करत नसत. “एका डब्यासाठी कशाला लाईट जाळायची? बसा की,” म्हणायचे आणि स्वतःही बाकड्याच्या टोकाला टेकायचे.

मग सरकारचा नियम आला. धंद्याला जुनी मोटर चालणार नाही, कमी विजेवर चालणारी नवीच बसवा. मामांनी चांगली चालती मोटर काढली आणि हप्त्यावर नवी घेतली.

परवा मी डबा घेऊन गेले. दुसरं कोणीच नव्हतं, तरी त्यांनी बटण दाबलं.

“मामा, रांग लागू द्या की.”

“न्हाई ताई. हप्ता निघाया पायजे. आता गुरांचा भरडाबी घेतो, दुसऱ्या गावचं दळणबी आणतो.”

“बिल तरी कमी येतं ना?”

“डब्यामागं कमी येतं. पर दिवसभर चालवायची म्हंजी महिन्याचं जास्तच.”

वीज वाचवायची कशी, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. नियम करण्याआधी त्याला विचारायची मात्र होती.

जुनी मोटर त्यांनी भंगारात घातलेली नाही. पुसून बाकड्याच्या टोकाला, त्यांच्या जागेवर ठेवली आहे. मी तिकडं पाहिलं, तसे मामा म्हणाले, “लाईट लई खायची. पर मला बसू द्यायची.”